तुकड्याचा रिपोर्ट

कातडीचा तुकडा तपासायला पाठवू म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" अहमदपूरला किनगाव, हाडोळतीकडून येणाऱ्या अनेकांच्या बाबतीत माझी शंका वेगळीच असते. चट्टा असतो, तो खाजत नाही, दुखत नाही आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही. ही कुष्ठरोगाची शंका.

तुकडा कुठून घेतला, यावर रिपोर्टचं निम्मं भवितव्य ठरतं. चट्ट्याचा मध्य पुष्कळदा निवलेला असतो. आजार जागा असतो कडेला. म्हणून चार मिलिमीटरचा पंच मी उठावदार कडेवर ठेवतो आणि चरबीपर्यंत नेतो. तुकडा वरवरचा घेतला तर त्यात नस येत नाही, आणि या रोगाची खरी साक्ष नसेपाशीच असते.

उरलेलं भवितव्य सोबतच्या फॉर्मवर. काचपट्टी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने रुग्ण पाहिलेला नसतो. चट्टा किती महिन्यांचा, बधिर आहे का, कोपराजवळची नस जाड लागते का, हे मी लिहिलं नाही, तर त्यांना दिसतो तो फक्त ग्रॅन्युलोमा, म्हणजे संरक्षक पेशींचा पुंजका. तो त्वचेच्या क्षयरोगातही असतो, सार्कॉइड नावाच्या आजारातही. कुष्ठरोगात तो नसेला धरून वाढतो आणि तिला पोखरतो.

रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या रोगाची पाच गटांत मांडणी केली, तिचा पाया शरीराची प्रतिकारशक्ती. ती चांगली असेल त्या टोकाला जंतू इतके विरळ, की फाइटच्या खास रंगातही सापडत नाहीत. ती ढासळलेली असेल त्या टोकाला पेशी जंतूंनी गच्च भरतात. त्यामुळे "जंतू आढळले नाहीत" एवढ्या ओळीवर मी कुणाला "रोग नाही" असं सांगत नाही. पुन्हा चट्ट्यावर कापूस फिरवतो, नस चाचपतो. बधिरपणा स्पष्ट असेल, तर उपचार ठरवताना त्याचं वजन कागदापेक्षा जास्त.

म्हणून विनंती आहे: मुलाच्या हाती नुसता रिपोर्ट किंवा मोबाइलवर त्याचा फोटो पाठवू नका. चट्टा असलेल्या माणसाने स्वतः, तुकडा काढणाऱ्या डॉक्टरकडे यावं. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उशिरामुळे मेलेली नस मात्र औषधाने परत येत नाही.