भाकरीसोबतचा पेला

“फादर, वेदीवर तुम्हीही द्राक्षारस घेता; मग आम्ही संध्याकाळी दोन घोट घेतले तर बिघडले काय?” गृहभेटीस गेलो असता एका तरुण गृहस्थाने आम्हांस हा प्रश्न केला. त्याच्याच अनुमतीने तो येथे देत आहोत. अर्पणानंतर तो द्राक्षारस नसून प्रभूचे रक्त असते, असे आम्ही सांगितले. उत्तर सत्य होते; परंतु चुलीपाशी त्याची पत्नी न जेवता बसली होती आणि कालवण निवत चालले होते. त्या घराला आमचे उत्तर अपुरे पडले.

परत येताना आम्हांस रोममधील विद्यार्थिदशा आठवली. एका सुगीत आम्ही टस्कनी प्रांतातील एका शेतकरी कुटुंबाकडे चार दिवस राहिलो होतो. फ्लॉरेन्स व सिएना या नगरांमधील डोंगराळ मुलुखास कियान्ती म्हणतात आणि तेथील तांबड्या द्राक्षारसासही तेच नाव आहे. १७१६ साली टस्कनीचे अधिपती तिसरे कोसिमो यांनी जाहीरनामा काढून या मुलुखाच्या सीमा ठरविल्या.

तेथील मुख्य द्राक्ष सान्जोवेसे. त्याला सुगंध आहे, जोम आहे. पण ते आंबट आणि तुरट आहे. दोनदा इटलीचे पंतप्रधान झालेले ब्रोलिओचे जमीनदार बेत्तीनो रिकासोली यांनी अनेक वर्षे प्रयोग करून १८७२ साली एका पत्रात मिश्रणाची रीत लिहिली. सान्जोवेसेचा कडकपणा सौम्य करण्यास कानायोलो, आणि रोजच्या जेवणातील रस हलका व्हावा म्हणून माल्वासिया हे पांढरे द्राक्ष. पुढे नियम बदलले. आज कियान्ती क्लासिकोत किमान ८० टक्के सान्जोवेसे लागते आणि २००६ पासून पांढरी द्राक्षे वर्ज्य आहेत.

एवढे करूनही तो रस नुसता प्यावा असा नाहीच. पहिला घोट आम्ही रिकाम्या तोंडी घेतला, तो जीभ आवळून आली. आजीबाई हसल्या आणि त्यांनी ताट पुढे सरकवले. त्यात बिनमिठाची टस्कन भाकर, मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज, आणि पांढरे घेवडे, काळा कोबी व शिळी भाकर पुन्हा उकळून केलेली ‘रिबोल्लीता’ होती. रविवारी निखाऱ्यावर भाजलेले हाडासकट गोमांस आले. मांसातील स्निग्धतेने रसाचा तुरटपणा निवतो, टोमॅटोच्या आंबटपणाशी त्याचा आंबटपणा जुळतो. आमच्या झणझणीत रश्शाबरोबर मात्र तो शोभत नाही. तिखटाची आग अधिकच भडकते.

परंतु आमच्या मनात राहिले ते निराळेच. प्रार्थना होऊन भाकर मोडल्याशिवाय कोणाच्या पेल्यात थेंब पडत नसे. जेवण संपले की यजमान बाटलीस बूच लावीत. बाटली अर्धी असली तरी ती कपाटात जाई. त्या घरी द्राक्षारस जेवणाचा चाकर होता, घराचा धनी नव्हे.

आमचे एक चुलते घराच्या मागल्या बाजूस, उभ्याउभ्या, उपाशीपोटी, एकटेच पीत. चाळिशी उलटली आणि ते गेले. आज आम्ही त्याच वयात आहोत.

वाचकहो, हे लिहिले म्हणून कोणी बाटली आणावी असे नाही. मद्याचे अमुक प्रमाण निर्धोक असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. आणि ज्याला थांबता येत नाही त्याने पहिल्या घोटालाच हात लावू नये. परंतु त्या तरुणाला आता आमचे उत्तर असे आहे: बाळा, वेदीवर पेल्याशेजारी भाकर असते, आधी उपकारस्तुती असते, आणि भोवती सारे कुटुंब असते. तुझ्या पेल्याशेजारी काय असते?

येत्या रविवारी आम्ही त्याच्या घरी जेवावयास जाणार आहोत. मेजावर पाण्याचा तांब्या असावा, आणि त्याची पत्नी आमच्यासोबत ताटावर बसावी, एवढेच आम्ही कळविले आहे.