आठ ओव्या

तीन आठवडे मला धड झोप नाही, आणि ती आनंदानं! भेटेल त्याला सांगत सुटलेय. ऑफिसात डबा खाताना मैत्रिणीला सांगितलं, घरमालकीणकाकूंना जिन्यातच गाठून सांगितलं, आता तुम्हाला सांगते. मला येशू भेटलाय!

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मुलीनं हे तिसाव्या वर्षी सांगावं, याचं नवल वाटेल. पण आमची मंडळी शे-सव्वाशे माणसांची, भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी, आणि सगळं चाले एकाच माणसाच्या शब्दावर. टीव्ही नाही, सिनेमा नाही, दुसऱ्या चर्चच्या मुलींशी मैत्रीसुद्धा नाही. शनिवारी मोबाईल तपासायला द्यायचा. दशांश तर होताच, पण उरलेल्या पगाराचाही हिशेब मागितला जाई. लग्नही तिथंच ठरायचं. माझं ठरलं तेव्हा मी नाही म्हटलं. मग मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि माझ्यातला बंडखोरीचा आत्मा निघावा म्हणून दोन तास प्रार्थना झाली. आई पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन रडत होती. मी मान खाली घालून फरशीच्या भेगा मोजत होते. पुढच्याच आठवड्यात घर सोडलं. तेवीस वर्षांची होते.

त्यानंतर सात वर्षं बायबल उघडलं नाही. उघडून काय करणार? माझ्या बायबलात लाल पेन्सिलीनं ठळक केलेल्या दोनच जागा होत्या. एक पहिलं शमुवेल 15:23, बंडखोरी म्हणजे जादूटोण्याइतकं पाप. दुसरी इब्री 13:17, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा. देव म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं.

आणि मग हाती आली पंडिता रमाबाईंची ‘माझी साक्ष’. अहो, काय बाई आहे ही! 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, छोट्या लेकीसह, मनोरमेसह. पाठोपाठ तिथल्या वडीलधाऱ्यांशी खटके, कारण काय मानायचं ते त्यांना ठरवून द्यायचं होतं आणि रमाबाई आपली विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला तयार नव्हत्या. पुढं 1891 च्या सुमारास त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त मिळायचा राहूनच गेलाय. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी! ज्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 साली मरेपर्यंत त्याच कामाला जुंपून घेतलं, त्या रमाबाई हे सांगतायत! मी पुस्तक मिटलं आणि ट्रंकेच्या तळातून बायबल काढलं.

लूकपासून सुरुवात केली. दुसरा अध्याय हाताळून मऊ झालेला, कारण दर नाताळला तो वाचायचोच. पुढची पानं मात्र लाल कडेला एकमेकांना चिकटलेली. इतकी वर्षं ती कुणी उघडलीच नव्हती. नखानं सोडवत गेले, एकेक पान फर्र आवाज करत सुटत होतं. रूममेट कूस बदलत होती. रात्री दोनच्या सुमाराला तेरावा अध्याय आला.

सभास्थानात एक बाई आहे, अठरा वर्षं कंबरेत वाकलेली. तिला सरळ उभंच राहता येत नाही. म्हणजे अठरा वर्षं तिनं काय पाहिलं असेल? जमीन, आणि लोकांचे पाय. ती काही मागत नाही. येशूच तिला पाहतो, बोलावतो, हात ठेवतो, आणि ती ताठ उभी राहते! लगेच सभास्थानाचा अधिकारी चिडतो. बरं, येशूला बोलायची हिंमत नाही, म्हणून लोकांवरच ओरडतो: कामाचे सहा दिवस आहेत, तेव्हा येऊन बरे व्हा, शब्बाथ दिवशी नको! त्यावर येशू विचारतो, शब्बाथ असला तरी बैल-गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेताच ना? मग अब्राहामाच्या या लेकीला सोडवायचं नाही?

मी उठून बसले. मला तर शिकवलं होतं की तो त्या अधिकाऱ्याच्या बाजूचा आहे! त्या दिवशी तो हॉलमध्ये होता, तर मग माझ्या बाजूला उभा होता. मी भेगा मोजत होते म्हणून मला दिसला नाही. पहाटेपर्यंत रडले, हसले, मोठ्यानं त्याच्याशी बोलले, आणि वाक्याच्या शेवटी काय म्हणायचं ते आठवत बसले नाही. सात वर्षांत पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची केली.

आता रोज ऑफिसला निघण्याआधी वाचते. दोन रविवार एका जुन्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आले. कुणी माझा फोन मागितला नाही. आईला फोन केला. ती अजून तिथंच आहे, जास्त बोलत नाही, पण मी वाचलेलं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं तोडून बाहेर पडलं असेल, आणि बायबल माळ्यावर टाकून दिलं असेल, तर एवढं करा. लूक, अध्याय तेरा, ओव्या 10 ते 17. आठच ओव्या आहेत. दार लावून, एकट्यानं, मोठ्यानं वाचा.