माळ्यावरचे प्रभुमंदिर

नेदरलँड्स देशातील ॲम्स्टरडॅम नगर पाण्यावर वसले आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते लाकडी खुंटांवर उभे आहे. जमीन दलदलीची असल्याने जुन्या इमारतींच्या पायाशी उभे वासे ठोकलेले असतात. मुख्य चौकातील एकट्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खुंट आहेत. सतराव्या शतकात व्यापार भरभराटीस आला, तेव्हा जुन्या गावाभोवती अर्धवर्तुळाकार कालवे खोदून त्यांच्या काठी उंच, निरुंद घरे बांधण्यात आली. कालव्यांच्या या वेढ्यास २०१० साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

जर्मनीतील कोलोन शहरी आमचा मुलगा नोकरीस असतो. आम्ही त्याच्याकडे गेलो असता आमच्या विवाहाचा तिसावा वाढदिवस आला. त्या निमित्ताने त्याने आम्हा उभयतांना शनिवार-रविवारपुरते या नगरास धाडले. आगगाडीने तीन तासांच्या आत आम्ही पोहोचलो. पूल, होड्या, सायकलींची अखंड रांग हे सारे पाहिले; परंतु सौभाग्यवतीचे मन कशातच रमत नव्हते. मुलाच्या घरी कसलीही उणीव नव्हती. मात्र पंधरा दिवसांत तेथे एकदाही कुटुंबप्रार्थना झाली नव्हती, आणि रविवार हा त्याचा केवळ झोपेचा दिवस झाला होता. हे शल्य तिने कोणापाशी बोलून दाखविले नव्हते.

त्याच शनिवारी एका जुन्या कालव्याकाठचे एक घर आम्ही पाहिले. ‘माळ्यावरचा आपला प्रभू’ असे त्याचे नाव. १५७८ साली नगराची सत्ता प्रॉटेस्टंटांच्या हाती गेली. कॅथलिकांची चर्चे काढून घेण्यात आली व उघडपणे मिस्सा करण्यास बंदी झाली. घराच्या आत जे चाले त्याकडे अधिकारी पैसे घेऊन काणाडोळा करीत. यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ साली हे घर विकत घेतले, आणि १६६३ पर्यंत पुढील घराचे व मागील दोन घरांचे वरचे मजले जोडून तेथे मंदिर उभारले.

बाहेरून ते इतर घरांसारखेच एक घर. चिंचोळे जिने चढून वर जावे, तो एकाएकी वेदी, ऑर्गन आणि दोन्ही बाजूंचे सज्जे दृष्टीस पडतात. सुमारे दीडशे माणसे तेथे मिस्सेला बसत. व्यासपीठ वेदीच्या खांबाच्या पोटात दडविलेले; प्रवचनाच्या वेळी ते बाहेर ओढावयाचे. स्टेशनासमोरील संत निकोलसचे मोठे चर्च १८८७ साली खुले होईपर्यंत, दोन शतकांहून अधिक काळ, भाविकांनी येथेच प्रभूची उपासना केली.

ते पाहताना मला आपल्या गोमंतकाच्या संत जोसेफ वाझ यांचे स्मरण झाले. याच डचांनी सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केला होता. तेथे फादर वाझ १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात उतरले आणि रात्रीच्या अंधारात श्रद्धावंतांच्या घरी मिस्सा करू लागले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. एकाच सत्तेच्या छायेत, हजारो कोसांच्या अंतरावर, घरांनीच चर्चची जागा घेतली होती.

जिन्याच्या वळणावर जुने पापनिवेदनाचे आसन आहे. तेथे सौभाग्यवती थांबली आणि हलकेच म्हणाली, “अहो, यांचे चर्च गेले, पण घर राहिले. आपल्या मुलाच्या गावी एवढे थोरले कॅथेड्रल आहे, आणि त्याच्या घरात…” पुढचे शब्द तिच्याने बोलवेनात.

मी म्हणालो, “अगं, घर त्याचे आहे, पण प्रार्थना आपली आहे. ती कोणी आपल्याला मना केलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी संत निकोलसच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकून आम्ही कोलोनला परतलो. त्या रात्री भोजन आटोपल्यावर तिने मेजावर मेणबत्ती लावली आणि कोणालाही हाक न मारता जपमाळ सुरू केली. मी उत्तरे देऊ लागलो. मुलगा बाहेरच्या खोलीत होता. तो आत आला नाही. पण दूरदर्शनसंच त्याने बंद केला, आणि माळ संपेपर्यंत पुन्हा लावला नाही. निघेपर्यंत रोज असेच चालले.

वाचकहो, पुढे काय होईल ते प्रभू जाणे. हार्टमननेही आपल्या माळ्यावर किती पिढ्या गुडघे टेकतील हे जाणले नव्हते. त्याने जिना बांधला व दार उघडे ठेवले. आपल्या लेकरांकडे दूरदेशी जाल, तेव्हा जपमाळ सामानात ठेवावयास विसरू नका.