शेजारची खुर्ची

कार्यालयात माझ्या टेबलाशी प्रथम दुसरी खुर्ची आणून ठेवली गेली, तेव्हा मला तो अपमान वाटला होता. संगणकाची आज्ञावली लिहिणे हे एकट्याने, मान खाली घालून करावयाचे काम, अशी माझी पक्की समजूत. आता नुकतीच रुजू झालेली एक मुलगी शेजारी बसणार आणि एकाच पडद्यावर आम्ही दोघे काम करणार! एकाने कळफलक हाताळायचा, दुसऱ्याने चुकांवर व पुढील दिशेवर लक्ष ठेवायचे, आणि अधूनमधून जागा बदलायच्या, अशी ही पद्धत. केंट बेक यांनी १९९९ साली आपल्या ग्रंथात तिचा आग्रहाने पुरस्कार केला होता.

मी विरोधासाठी पुरावा शोधू लागलो. लॉरी विल्यम्स यांनी १९९९ साली युटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. त्यात जोड्यांना आरंभी सुमारे ६० टक्के जादा श्रम पडले. सराव होताच ते प्रमाण १५ टक्क्यांवर आले, आणि दोषही जवळजवळ तेवढेच घटले. २००७ साली प्रसिद्ध झालेला, २९५ व्यावसायिकांवरील अभ्यास मात्र सावध होता. तेथे जोडीचे श्रम ८४ टक्क्यांनी वाढले होते आणि एकंदर अचूकतेत लक्षणीय फरक पडला नव्हता. मला आनंद झाला! परंतु त्याच अभ्यासाने पुढे नोंदवले होते, की काम गुंतागुंतीचे असता जोड्यांची अचूक उत्तरे ४८ टक्क्यांनी अधिक आली, आणि सर्वाधिक लाभ नवशिक्यांना झाला. ते वाक्य मी सोयीस्करपणे नजरेआड केले.

एके दिवशी माझी एक चूक थेट ग्राहकापर्यंत पोहोचली.

“तुला दिसली नव्हती का?” मी चिडून विचारले.

“दिसली होती, सर,” ती खालच्या स्वरात म्हणाली. “पण तीन आठवड्यांत तुम्ही कळफलक एकदाही सोडला नाहीत. बोलू कशी?”

मी निरुत्तर झालो. आकडेवारी तपासताना मी जोडीचे मोजमाप केले. जोडी होण्याची तसदी मात्र घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कळफलक तिच्यापुढे सरकवला. हात मोकळे ठेवून गप्प बसणे किती कठीण असते, ते त्या दिवशी कळले.

वाचकहो, त्या संध्याकाळी घरी परतल्यावर मुलाच्या शाळेचा विषय निघाला. माझा निर्णय ओठांवर तयार होता. तो गिळून मी पत्नीला विचारले, “तुला काय वाटते?”

ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली.