मागचे आसन

ज्याचे सारे आयुष्य कोर्टकचेरीत गेले, त्याला म्हातारपणी घरातल्या मुलाने एखाद्या कलमाचा अर्थ विचारावा, याहून गोड प्रसंग दुसरा नाही. त्या गोडीपायी मी कसा फसलो, हे वाचकांस सांगावयाचे आहे.

आमचे घर शिरूरास. येथे रेल्वे नाही; म्हणून सोलापुराकडून येणाऱ्या आप्तांस दौंडच्या स्टेशनावरून आणणे, हे आमच्या मोटारीचे नित्याचे काम. माझा पुतण्या रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर असून त्याला हौशी मोटार-शर्यतींचा नाद आहे. गेल्या वर्षी त्याने घरचीच मोटार शर्यतीत उतरविण्याचे ठरविले, आणि बाजारात मिळते तशीच गाडी ज्यात धावते, त्या वर्गात नाव घातले. वजन जितके कमी, तितका वेग लवकर येतो. तेव्हा गाडीच्या आतून काय काय काढता येईल, हा त्याचा प्रश्न. नियमावलीत एवढेच होते की, मागचे आसन काढण्यास हरकत नाही. पायांखालचा गालिचा, दारांची आतली आवरणे, छताचे अस्तर यांविषयी अक्षरही नव्हते.

"काका, नियम मुका आहे. मग काढू ना?" त्याने विचारले.

"ज्याला मनाई नाही, त्याला मुभा आहे," मी ऐटीत निकाल दिला.

झोपाळ्यावर तीर्थरूप अण्णा बसले होते. वय नव्वदीपुढचे, पण मीमांसेचे वाचन पक्के. ते म्हणाले, "ही तर परिसंख्या दिसते. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य, असे शास्त्र सांगते, तेव्हा ते खाण्याची आज्ञा करीत नाही. बाकीचे वर्ज्य ठरविते. येथे आसनाचेच नाव घेतले, त्या अर्थी उरलेले राहू द्यायचे." आम्ही दोघे हसलो. मोटारीला मीमांसा कशाला?

शर्यतीच्या सकाळी तपासनिसाने दार उघडले, आतला उघडा पत्रा पाहिला आणि गाडी त्या वर्गातून काढून टाकली. मुलाने वाद घातला नाही. सल्ला कोणाचा, हेही सांगितले नाही. ते न सांगणेच माझ्या मनाला लागले.

मग जे आधी करावयाचे, ते मी नंतर केले, वाचावयास बसलो. मोटार-शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या 'परिशिष्ट जे'मध्ये स्पष्टच आहे की, नियमांनी ज्याची परवानगी दिली नाही, असा प्रत्येक फेरफार निषिद्ध होय. रस्त्यावरच्या गाडीची गोष्ट फार निराळी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की, उत्पादकाच्या मूळ रचनेहून गाडी भिन्न होईल, असा बदल करता येत नाही. नागरिकाला लावायचे तत्त्व मी गाडीला लावले होते. शिवाय त्या मुक्या नियमाला हेतूही होता. एकाने अस्तर काढले की दुसरा काचा बदलतो, तिसरा पत्रा बदलतो. मग शर्यत हाताच्या कौशल्याची न राहता थैलीची होते. बेताच्या मिळकतीच्या मुलालाही धावता यावे, म्हणूनच आतले सामान जागच्या जागी ठेवावयाचे.

यादीतल्या एका शब्दाने काय होते, हे खरे तर आम्हा शिरूरकरांस सांगावयास नको. ज्यांचे खेळ करू नयेत, अशा प्राण्यांच्या यादीत केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये बैलाचे नाव घातले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाड्यांचे घाट ओस पडले, आणि अटींसह ते पुन्हा गजबजावयास डिसेंबर २०२१ उजाडला.

पण खरा निकाल घरीच लागला. शर्यतीच्याच आठवड्यात थोरल्या वहिनी, म्हणजे पुतण्याच्या मातोश्री, आपल्या वृद्ध आईला घेऊन दौंडास उतरल्या. आमची गाडी आसनाविना दारात उभी. दोघींना भाड्याच्या गाडीची वाट पाहत दोन तास स्टेशनाबाहेर बसावे लागले. घरी आल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "आसन काढायला शर्यतवाल्यांची हरकत नव्हती, भावोजी. पण आम्हाला कोणी विचारले?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ कलम नव्हते.

यंदा पुतण्याने आपली शंका आयोजकांना लेखी कळविली. चार दिवसांनी उत्तर आले: आसनाखेरीज काहीही काढू नये. ते पत्र त्याने अण्णांना वाचून दाखविले, आणि मग आईची परवानगी मागितली. आसन शर्यतीच्या मैदानावरच काढले व संध्याकाळी तेथेच परत बसविले. शर्यतीत तो सातवा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी घेऊन तो आजीला दौंडच्या स्टेशनावर पोहोचवून आला.

नियम मुका असला की त्याच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालण्याचा मोह होतो, आणि वय किंवा विद्वत्ता त्या मोहापासून वाचवीत नाही. ज्याचा लाभ, त्याने अर्थ लावू नये, विचारावे. आणि ज्यांना त्या अर्थाची झळ पोहोचणार, त्यांना सर्वांआधी विचारावे.