शब्दांची सोयरीक

लग्न जुळवताना वडीलधारी माणसे जेवढी चौकशी करतात, तेवढी, किंबहुना थोडी अधिकच, चौकशी इंग्रजी भाषा आपले शब्द शेजारी शेजारी बसवताना करते, असे माझे बरेच दिवसांचे मत आहे. त्यातही जे शब्द मुळी जोडण्यासाठीच जन्माला आले, त्यांचे सोवळे तर विचारूच नका! लिंक, टाय, बाँड, काँटॅक्ट, टच, रिलेशन, कनेक्शन. अर्थाने सगळे चुलतभाऊ. पण एकाच्या पाटावर दुसरा बसेल तर शपथ.

तुम्ही म्हणाल, मराठीत तरी काय वेगळे आहे? खरेच नाही. आपल्याकडेही सोयरीक जुळते, मैत्री जडते, संपर्क साधतात, ओळख निघते, आणि अबोला धरतात. ‘मैत्री साधली’ म्हणणाऱ्याकडे आपण जरा संशयाने पाहू, आणि ‘संपर्क जडला’ म्हणणाऱ्याला डॉक्टरांकडे पाठवू. पण हे नियम आपल्याला कुणी शिकवलेले नाहीत. आईच्या दुधाबरोबर ते पोटात गेले. परक्या भाषेत दूध कुठले? तिथे सगळा मामला औषधाच्या गोळीचा.

एखादा शब्द परक्या घरी नांदायला आला की त्यालाही नव्या घरची रीत शिकावी लागते. आपल्याकडे आलेले कनेक्शनच पाहा ना. आपण ते ‘घेतो’, आणि बिल थकले की कुणी तरी येऊन ते ‘कापतो’. बँकेत गेलो की ‘लिंक नाही’ हे उत्तर ऐकून परत येतो. या शब्दांनी आपल्या घरात आल्यावर पदर खोचला आणि मराठी क्रियापदांशी संसार मांडला. त्यांच्या माहेरी मात्र निराळाच थाट.

लिंक म्हणजे साखळीची कडी. म्हणून इंग्रज ती ‘फोर्ज’ करतो, लोहाराने भट्टीत घडवावी तशी. टाय म्हणजे गाठ; अगदीच बिनसले तर ती ‘कट’ करतात, किंवा भारदस्तपणे ‘सेव्हर’ करतात. बाँड बांधण्याच्याच कुळातला, पण आई आणि तान्हे मूल यांच्यात तो ‘फॉर्म’ होतो, सायीसारखा हळूहळू धरत जातो. काँटॅक्टचा लॅटिनमधला मूळ अर्थ स्पर्श, आणि टच म्हणजेही स्पर्शच. तरीही काँटॅक्ट ‘मेक’ करतात, टच ‘मेक’ करीत नाहीत. माणसाने ‘इन टच’ असायचे, यायचे किंवा राहायचे. आणि तो जातो तेव्हा ‘लॉस्ट’ होतो, किल्ली हरवावी तसा. रिलेशन्सची गोष्ट आणखी निराळी. १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेने क्यूबाशी असलेले राजनैतिक संबंध तोडले आणि २०१५ च्या जुलैत ते पुन्हा जुळले. अशा ठिकाणी ‘सेव्हर’ हा शब्द कसा फेट्यासारखा शोभतो!

शब्दांच्या या संगतीला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. हॅरोल्ड पामर नावाच्या इंग्रज शिक्षकाने जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता या जोड्या गोळा केल्या आणि १९३३ मध्ये तोक्योत त्यांचा अहवाल काढला. त्याच परिसरात काम करणाऱ्या हॉर्नबीचा कोश १९४२ मध्ये जपानातच छापला गेला, आणि पुढे १९४८ पासून ऑक्सफर्डने तो जगभर नेला. आपल्यापैकी कितीकांनी तो शाळेत असताना चाळला असेल. लंडनचे प्राध्यापक फर्थ तर १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजी शिकवीत होते. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, अशा अर्थाचे त्यांचे १९५७ मधले वाक्य भाषेच्या अभ्यासकांना पाठ असते. आपला शेतकरी हे केव्हापासून सांगत आलाय: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

हा गुण किती दूरवर लागतो, ते मला आमच्या शेजारच्या वहिनींनी शिकवले. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे शेजारपाजारची इंग्रजी पत्रे माझ्याकडे येतात. वहिनींचे थोरले बंधू इंग्लंडात स्थायिक झालेले. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भावाबहिणीत बिनसले आणि सोळा वर्षे अबोला राहिला. गेल्या वर्षी बंधू वारले. मागे एकुलती एक मुलगी. अबोला सुरू झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि मराठी तिला येत नाही.

“भाऊजी, लिहा,” वहिनी म्हणाल्या, “आमचा संबंध तुटला होता, तो आता पुन्हा जोडायचाय.”

त्यांच्या नातवाने तेवढ्यात फोनवर वाक्य शोधूनसुद्धा काढले: ‘वी सेव्हर्ड ऑल टाइज’. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. पण माझे पेन पुढे सरकेना. मी वहिनींना म्हटले, “याचा अर्थ एका घावात कापून टाकलं, असा होतो.”

“अगं बाई! विळीवर खच्चकन कापल्यासारखं? नको हो.”

मग मी ‘वी लॉस्ट टच’ सुचवले. “म्हणजे हातातला हात सुटला. मुद्दाम कुणी सोडवला नाही, जत्रेच्या गर्दीत सुटावा तसा सुटला.”

वहिनींचा चेहरा उजळला. पण क्षणभरच. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, “हे ऐकायला गोड आहे भाऊजी, पण दादाच्या बाबतीत खरं नाही. त्याच्याशी अबोला मी धरला होता, त्यानंही धरला होता. हात सुटला तो पोरीचा. तिचं माझं काय भांडण?”

मी चकित झालो. ज्या मऊ शब्दाने पत्र गोड झाले असते, त्याच शब्दाने ते खोटेही झाले असते. आणि मुलीला सारे ठाऊक असणार. आत्याच्या पहिल्याच ओळीत तिला पांघरूण दिसले असते. शेवटी आम्ही दोन नात्यांसाठी दोन शब्दजोड्या निवडल्या. वडिलांशी ‘फेल आउट’: भांडण झाले, दोघांचेही झाले. आणि तुझ्याशी ‘लॉस्ट टच’. नातवाने शेवटी ‘रीएस्टॅब्लिश’ घालायचा आग्रह धरला, पण वकिलात उघडायची नसल्यामुळे तो आम्ही नामंजूर केला. ‘आय वुड लाइक टु बी इन टच’ एवढेच लिहिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. पत्र इंग्रजीतच, पण आरंभी ‘डिअर आत्या’, आणि अखेरीस ‘प्लीज कीप इन टच’. वहिनींनी मला विचारले, “कीप म्हणजे ठेवणंच ना?” मी म्हटले, “हो, ठेवणं. राखणं.” त्यांनी मान हलवली आणि दिनदर्शिकेवर रविवारांपुढे खुणा केल्या. आता दर रविवारी फोन होतो. मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या मराठीत दोघी तासभर बोलतात. कोणत्या शब्दाशेजारी कोणता बसला, हे तिथे कुणी पाहत नाही, आणि पाहूही नये.

पण पहिली ओळ लिहिताना मात्र पाहावे. तुटले, तोडले आणि सुटले, हे तीन शब्द कोशात एकमेकांचे सख्खे शेजारी. घरात मात्र त्यांच्यामध्ये कधी कधी सोळा वर्षे उभी असतात. यंदाच्या दिवाळीत कुणाला असे एखादे राहून गेलेले पत्र लिहायचे असेल, तर भाषा कोणतीही असो, यांपैकी आपला शब्द कोणता, तेवढे आधी ठरवून घ्यावे. पुढचे शब्द मग आपली जागा आपण शोधून घेतात.