डोंगरीहून मुंब्र्याला

डोंगरी म्हटले की बाहेरच्या माणसाला सिनेमा आठवतो. भाई, पिस्तूल, अंधारी गल्ली. जुने मराठी साहित्य वाचणाऱ्याला कदाचित आगरकर आठवतील. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात भोगली. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. तो तुरुंग उमरखाडीत होता; आज तेथे मुलांचे बालगृह आहे. आमच्या घरच्यांसाठी मात्र डोंगरी म्हणजे तळमजला अधिक चार मजल्यांची एक लाकडी इमारत, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि त्या खोलीत गेलेल्या तीन पिढ्या. गेल्या वर्षी ती खोली आम्ही रिकामी केली आणि मुंब्र्याला राहायला आलो.

आमच्यासारखी कितीतरी घरे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशीच उठली. काही १९९२-९३च्या दंगलींनंतर, काही मुलांची लग्ने झाल्यावर जागा पुरेना म्हणून, तर काही इमारतीला टेकू लागले म्हणून. वाचकांपैकी अनेकांनी हे अनुभवले असेल.

जमातीची खोली

आमचे दादा मरहूम दापोलीकडचे. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले ते थेट गावच्या जमातीच्या खोलीवर गेले. कोकणातल्या गावांनी मुंबईत अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. जहाजावर जाणारा किंवा जहाजावरून परतलेला खलाशी तेथे पथारी टाकायचा. भिंतीला ओळीने ट्रंका लावलेल्या आणि प्रत्येक ट्रंकेवर मालकाचे नाव. कुणाचे पत्र आले की वाचता येणारा एकजण ते मोठ्याने वाचायचा, त्यामुळे गावातल्या घरोघरच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असायच्या.

या भागात कोकणी मुसलमानांच्या खुणा जागोजागी आहेत. टंडेल स्ट्रीट हे नावच मुळी जहाजावरचे. पुढे कांबेकर स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीचा कारभार कोकणी जमातीनेच सांभाळला. १८०२ साली पूर्ण झालेल्या त्या मशिदीत खाली झऱ्यांच्या पाण्याचा तलाव आहे. लहानपणी जुम्म्याला गेलो की वुजूपेक्षा त्यातले मासे पाहण्यातच आमचा वेळ जायचा. मोहम्मद अली रोडवरून २००२ साली जो लांबलचक उड्डाणपूल झाला त्याला सगळे जे. जे. पूल म्हणतात, पण त्याचे खरे नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांच्यावरून आहे. दादी तेच नाव घ्यायची आणि टॅक्सीवाल्याला ते कळायचे नाही.

दादांनी जहाजाच्या पगारातून पागडी भरून खोली घेतली आणि दादीला गावाहून आणले. पागडीची खोली म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. घेताना मोठी रक्कम द्यायची, पुढे महिन्याचे भाडे अगदी किरकोळ. मालक वेगळा, भाडेकरू वेगळा, पण भाडेकरूचा हक्क वारसांकडे जातो. भाडे वाढत नाही म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, आणि घर आपल्या नावावर नाही म्हणून भाडेकरूही भिंतीपलीकडे खर्च करत नाही. दक्षिण मुंबईतल्या शेकडो इमारती अशाच म्हाताऱ्या झाल्या.

गॅलरी

खोली १२ बाय १५ची. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला संडास. पाणी पहाटे यायचे. पिंपे भरायची पाळी ठरलेली आणि भांडणेही ठरलेली. ज्या खालाशी पाण्यावरून सकाळी बोलणे बंद व्हायचे, तिच्याकडेच दुपारी अम्मी चिमूटभर हळद मागायला जायची.

मजल्यावर नऊ बिऱ्हाडे. चार आमच्यासारखी कोकणी, दोन मेमन, एक कच्छी, एक शिया कुटुंब आणि टोकाला उत्तर प्रदेशातून आलेले शिलाईकाम करणारे चाचा. प्रत्येकाची बोली वेगळी. आमच्या घरात कोकणी, शाळेत मराठी आणि गॅलरीत मुंबईची हिंदी. खाली जैन शेठचे स्टेशनरीचे दुकान होते. जानेवारी १९९३मध्ये संचारबंदी लागली तेव्हा त्यांनी दुकानाच्या किल्ल्या अब्बांकडे आणून दिल्या. पंधरा दिवसांनी ते परत आले, किल्ल्या घेतल्या आणि आम्हा मुलांना एकेक वही दिली. त्यावर पुढे कुणी कधी चर्चा केली नाही.

मोहरमात शिया कुटुंब सबील लावायचे आणि सरबत ढवळायला आम्ही मुले. गणपतीत उमरखाडीच्या मंडळाची आरास पाहायला सगळी गॅलरी रिकामी व्हायची. रमजानमध्ये रात्र संपायचीच नाही. मिनारा मशिदीकडून तळणाचा वास यायचा, मालपुव्यांच्या कढयांभोवती मुंबईभरचे लोक जमायचे. आम्ही डोंगरीकर मात्र त्या गर्दीत क्वचितच जायचो. आमचा रमजान गॅलरीत असायचा. मगरिबच्या आधी रुमालाने झाकलेली ताटे या दारातून त्या दारात जायची. आमच्याकडून सांदण, मेमनांकडून खिचडा, चाचांकडून दहीवडे. रिकामे भांडे परत करायचे नाही हा नियम, त्यामुळे भांडी कायम फिरतीवर.

दादांचा जनाजा आम्हाला नीट आठवतो. जिना लाकडी आणि अरुंद, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डोला आडवा फिरत नाही. तेथे डोक्याकडची बाजू उंच उचलून कठड्यावरून काढावी लागते. हे कुणी कुणाला सांगितले नाही. इमारतीतले पुरुष आपापल्या पायरीवर जाऊन उभे राहिले, कारण यापूर्वी त्यांनी अनेकांना तसेच उतरवले होते. मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात माती देऊन परतलो तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती, तरी तीन दिवस दोन्ही वेळचे जेवण आले. कुणी कधी काय पाठवायचे, हे बायकांनी गॅलरीत ठरवले होते. आम्हाला विचारलेदेखील नाही.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल हजरत जिब्रईल इतक्या वेळा ताकीद देत राहिले, की शेजारी वारसदारच ठरतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटू लागले, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कुरआननेही नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याचे नाव घेतले आहे. डोंगरीत राहताना या हक्कासाठी आम्हाला वेगळे काही करावे लागले नाही. भिंत इतकी पातळ होती, की शेजारचा खोकला आपल्याच घरातला वाटायचा. खोकला ऐकला की काढा जायचा. त्यात आमचा मोठेपणा नव्हता, इमारतीची रचनाच तशी होती. हे आम्हाला तेथून निघाल्यावर कळले.

टेकू

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. १६ जुलै २०१९ला आमच्या डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, तेव्हाही दहाहून अधिक जीव गेले. त्या रात्री आमच्या इमारतीत कुणी झोपले नाही. नंतर प्रत्येक पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी आली की आधी आपले नाव शोधायचो. मग गॅलरीखाली लोखंडी टेकू आले, जिन्याची एक बाजू बंद झाली, आणि शेवटी नोटीस.

नव्या इमारतीत खोलीच्या बदल्यात खोली मिळेल, असे आम्हाला लिहून मिळाले आहे. केव्हा मिळेल, ते लिहिलेले नाही. दादी आज ८४ वर्षांची आहे. कागद वाचून दाखवला तेव्हा तिने एकच विचारले, "गॅलरी किती फूट लिहिली हाय?" गॅलरी लिहिलेली नव्हती. खोलीचे चौरस फूट मोजले होते, पोटमाळ्यावर वाद झाला होता, पण गॅलरी कुणा एकाची नव्हती म्हणून ती कुणाच्याच हिशेबात आली नाही.

सामान बांधताना अम्मीने भांडी काढली. स्टीलच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात, ते किती बरे! आमच्या फळीवर दुसऱ्यांच्या नावाची अकरा भांडी निघाली, त्यातली दोन अशा घरांची जे कधीच मीरा रोडला गेले होते. आमचीही चौदा भांडी मजल्यावरच्या वेगवेगळ्या घरांतून परत आली. दोन दिवस गॅलरीत हेच चालले होते. एका डब्यावर आमच्या फुफीचे लग्नाआधीचे नाव होते. फुफी जाऊन नऊ वर्षे झाली. तो डबा घेऊन दादी बराच वेळ बसून राहिली.

मुंब्रा

ज्या डोंगरीत डोंगर उरलेला नाही तेथून निघून आम्ही खऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आलो. खिडकीतून पारसिकची टेकडी दिसते, पावसात तिच्यावरून पाणी वाहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, घरातच संडास, चोवीस तास नसले तरी नळाला पाणी. अम्मीचे गुडघे सुटले. मुलींना अभ्यासाला टेबल मिळाले. हे सुख आहे आणि त्याचा शुक्र करायलाच हवा. जुन्या घराच्या आठवणी काढताना टेकूंची ती रात्र आम्ही विसरत नाही.

पण येथे दारे बंद असतात. पहिले दोन महिने समोर कोण राहते हे आम्हाला ठाऊक नव्हते. शेजारचा खोकला ऐकू येत नाही. एके दिवशी लिफ्टजवळ कुणीतरी सांगितले, की पाचव्या मजल्यावर मयत झाली होती, कालच दफन झाले. दादी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने अम्मीला तांदूळ भिजवायला सांगितले, सांदण केले आणि मजल्यावरच्या प्रत्येक दारी पाठवले. "भांड्यात द्या, कागदी प्लेटीत नको," एवढीच तिची अट. सात भांडी गेली. चार त्याच आठवड्यात काहीतरी घेऊन परतली, दोन धुऊन रिकामी आली आणि एक अजून समोरच्या घरी आहे. ते मागायचे नाही, असे दादीने बजावले आहे.

सँडहर्स्ट रोडहून मुंब्र्याला धिमी लोकल थेट येते, तासाभराचा प्रवास. महिन्यातून एकदा अब्बा जातात, जुम्मा मशिदीत नमाज पढतात, बड्या कबरस्तानात फातिहा देतात आणि इमारतीच्या पत्र्याच्या कुंपणाजवळ उभे राहून येतात. मजल्यावरची नऊ बिऱ्हाडे आता मुंब्रा, मीरा रोड, कुर्ला आणि संक्रमण शिबिरात विखुरली आहेत.

जे वाचक अशा इमारतीत अजून आहेत आणि ज्यांना आज ना उद्या निघायचे आहे, त्यांना एवढेच सांगतो. कागदपत्रे सांभाळाच, भाडेपावत्या, वारसनोंद सगळे. त्याच फाइलमध्ये मजल्यावरच्या सगळ्यांचे फोन नंबर आणि नवे पत्तेही लिहून ठेवा, कारण ते कुठल्याही कार्यालयात मिळणार नाहीत. आणि नव्या घरी गेल्यावर आठ दिवसांच्या आत समोरचे दार वाजवा. हातात काहीतरी असू द्या, आणि ते भांड्यात असू द्या.